घरपोच बियाणे, घरपोच औषध : ग्राहक म्हणून शेतकऱ्याचे हक्क आणि खबरदारी

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा व्याख्याता. वाण, पेरणीचे अंतर, खताची मात्रा हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र मला कायद्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. मी वकील नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत मेळाव्यांमधून जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक नवा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. "मोबाईलवरून बियाणे मागवले, उगवले नाही, आता दाद कोणाकडे मागायची?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पूर्वी आपण तालुक्याच्या गावी जाऊन कृषी सेवा केंद्रातून माल घेत असू. दुकानदार ओळखीचा असे. प्रसंगी उधारी मिळे. माल खराब निघाला तर चार माणसे घेऊन दुकानात जाता येत असे, आणि गावात पत राखायची म्हणून दुकानदारही काही तडजोड करी. ऑनलाइन खरेदीत ही तोंडओळख नाही. माल बनवणारी कंपनी एका राज्यात, विकणारा व्यापारी दुसऱ्या राज्यात, ज्या मंचावर आपण माल पाहिला ती कंपनी महानगरात, आणि खोके आणून देणारा मुलगा तेवढा आपल्या दारात! या चौघांपैकी जबाबदार कोण, हाच खरा प्रश्न आहे.

किंमत कमी, निवड भरपूर, वेळेची बचत हे ऑनलाइन खरेदीचे फायदे खरेच आहेत. ठिबकचे सुटे भाग, फवारणी पंपाचे नोझल, ताडपत्री, विळे, सापळे अशा वस्तू घरबसल्या मागवण्यास हरकत नाही. परंतु बियाणे, कीटकनाशके आणि खते या निविष्ठांची गोष्ट वेगळी आहे.

बियाणे ही परत करण्याजोगी वस्तू नव्हे

बहुतेक मंच ठराविक दिवसांत माल परत घेण्याची हमी देतात. कापड किंवा भांडे असेल तर दोष पाहताक्षणी कळतो. बियाण्याचा दोष पिशवीत दिसत नाही, तो जमिनीत दिसतो. उगवण कमी आहे हे पेरणीनंतर आठवड्याने कळते. भेसळ आहे हे पीक फुलोऱ्यात आल्यावर कळते. फळधारणेचा दोष तर काढणीच्या सुमारास उघडा पडतो. तोपर्यंत परतीची मुदत केव्हाच संपलेली असते आणि पिशवीही रिकामी झालेली असते. मंचाने बियाण्याचे पैसे परत दिले तरी हुकलेला वाफसा, मशागत, खत, मजुरी आणि संपूर्ण हंगाम परत मिळत नाही. म्हणूनच मंचाच्या परतीच्या धोरणावर विसंबून न राहता कायद्याने दिलेला हक्क समजून घ्यावा.

कायद्यात काय बदल झाला?

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. तो समोरासमोरच्या व्यवहाराचा काळ होता. त्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि जुलै २०२० पासून तो अंमलात आला. त्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबी अशा :

१) वस्तू 'खरेदी करणे' याच्या अर्थात ऑनलाइन व्यवहार, दूरचित्रवाणीवरून केलेली खरेदी आणि साखळी पद्धतीची विक्री यांचा स्पष्ट समावेश करण्यात आला. म्हणजे मोबाईलवरून माल घेणारा हा दुकानातून घेणाऱ्याइतकाच पक्का ग्राहक आहे.

२) जुन्या कायद्यात साधारणतः विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा व्यवहाराचे ठिकाण पाहून तक्रार करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो अथवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. विक्रेता गुजरातचा असो वा हरियाणाचा, लातूरच्या शेतकऱ्यास लातूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. ऑनलाइन खरेदीदाराच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी सोय होय.

३) 'उत्पादन दायित्व' नावाचे स्वतंत्र प्रकरण कायद्यात आले. सदोष मालामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक जबाबदार धरला जातो. उत्पादक कोण हेच कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते.

४) आयोगाचे अधिकारक्षेत्र नुकसानभरपाईच्या मागणीवर नव्हे, तर मालासाठी दिलेल्या किमतीवर ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतच्या किमतीची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे येतात. म्हणजे बियाण्याची तक्रार जिल्ह्यातच चालते, भरपाईची मागणी कितीही असो. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. वकील देणेही सक्तीचे नाही.

जुलै २०२० मध्येच ई-वाणिज्याकरिता स्वतंत्र ग्राहक संरक्षण नियम लागू झाले. त्यांनुसार मंचाने विक्रेत्याचे नाव, पत्ता व संपर्क दर्शविणे बंधनकारक आहे. तक्रार निवारण अधिकारी नेमून तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करावयाचे आहे. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्यास तो परत घेण्यास नकार देता येत नाही. सांगितलेल्या मुदतीनंतर आलेल्या मालाबाबतही हाच नियम आहे. अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांचा. शेतकऱ्यास याचा फार उपयोग आहे. आठ जूनला येणारे बियाणे वाफसा निघून गेल्यावर पंचवीस जूनला दारात आले, तर ते स्वीकारण्याची सक्ती नाही.

मंच मात्र "आम्ही केवळ मध्यस्थ, माल आमचा नाही" अशी भूमिका घेतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात मध्यस्थास काही संरक्षण आहे हे खरे. परंतु ते योग्य ती दक्षता घेणाऱ्यासच मिळते. त्यामुळे तक्रार करताना उत्पादक, विक्रेता आणि मंच या तिघांनाही प्रतिपक्ष करणे हिताचे असते.

बियाणे : शेतकरीही ग्राहकच

"शेतकरी बियाणे व्यापारासाठी घेतो, तो ग्राहक नव्हे," आणि "बियाणे प्रयोगशाळेत तपासून दोष सिद्ध करा," असे दोन आक्षेप कंपन्या पूर्वीपासून घेत आल्या. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणांत राष्ट्रीय बीज निगमाने असेच आक्षेप घेतले होते. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. शेतकरी हा ग्राहकच आहे आणि त्याने विकत घेतलेले सारे बियाणे पेरणे स्वाभाविक आहे, तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उलट बियाणे नियमांनुसार प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवण्याची आणि लॉट संपल्यानंतर एक वर्ष नमुना जपण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. हा निकाल ऑनलाइन घेतलेल्या बियाण्यासही तितकाच उपयोगी आहे.

कायदा पाठीशी असला तरी पुरावा आपल्या हाती हवा. त्याकरिता पुढील दक्षता घ्यावी.

१) विक्रेत्याकडे बियाणे विक्रीचा परवाना आहे काय हे पाहावे. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवान्याशिवाय विक्री करता येत नाही आणि प्रत्येक खरेदीदारास पावती देणे बंधनकारक आहे. पावतीवर पीक, वाण, लॉट नंबर, वजन व किंमत असावी. केवळ 'ऑर्डर मिळाली' असा संदेश म्हणजे पावती नव्हे.

२) खोके आल्यावर ते फोडतानाच मोबाईलवर चित्रीकरण करावे. पिशवी, मोहोर, लेबल आणि लॉट नंबर स्पष्ट दिसावेत. प्रमाणित बियाण्याचे लेबल निळे, तर सत्यप्रत बियाण्याचे हिरवे असते.

३) पिशवी लेबल असलेल्या बाजूने न फोडता खालच्या बाजूने फोडावी. लेबल, पिशवी आणि ओंजळभर बियाणे काढणी होईपर्यंत जपून ठेवावे. न्यायालय सक्ती करीत नसले तरी नमुना असलेला बरा.

४) पेरणीपूर्वी घरीच उगवणशक्ती तपासावी. सरसकट १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत ठेवावेत, त्यावर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व सावलीत ठेवून ओल टिकवावी. सोयाबीनसाठी सहाव्या-सातव्या दिवशी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनची किमान उगवणशक्ती ७० टक्के असावी लागते. ती कमी भरल्यास पेरणी न करता तत्काळ लेखी तक्रार करून बियाणे बदलून घ्यावे. वेळच उरली नसेल तर तक्रार नोंदवून बियाण्याचे प्रमाण वाढवावे. हेक्टरी ७५ किलोची शिफारस ७० टक्के उगवणीस धरून आहे. उगवण ६० टक्के असल्यास साडेसत्त्याऐंशी किलो बियाणे लागेल.

येथे कृषिविद्येच्या दृष्टीने एक सूचना. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण अतिशय पातळ असते. पोते आपटले तरी आतील अंकुराला इजा पोहोचते आणि उगवण घटते. तीन-चार गाड्या बदलून, फेकत-झेलत आलेले सोयाबीन बियाणे गुणवत्तेने मुळात चांगले असले तरी शेतात दगा देऊ शकते. तेव्हा सोयाबीन बियाणे शक्यतो जवळच्या विक्री केंद्रातूनच घ्यावे अथवा घरचे वापरावे. रायझोबियम, ट्रायकोडर्मा यांसारखी जिवाणू व बुरशीची संवर्धकेही उन्हात तापलेल्या गाडीतून आल्यास निकामी होतात. ती विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळच्या परवानाधारक केंद्रातून मुदत पाहून घ्यावीत.

कीटकनाशके : परवाना पाहिल्याशिवाय नको

नोव्हेंबर २०२२ मध्ये कीटकनाशक नियम, १९७१ यांत दुरुस्ती होऊन परवानाधारक विक्रेत्यांना ऑनलाइन मंचावरून कीटकनाशके विकण्याची मुभा मिळाली. विक्रेत्याचा परवाना पडताळून पाहण्याची जबाबदारी मंचावर टाकण्यात आली. म्हणजे घरपोच औषध मिळणे बेकायदा नाही. बिनपरवाना औषध बेकायदा आहे.

यात जिवाचा प्रश्न आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. औषध कोणते, किती, कशात मिसळायचे आणि फवारताना कोणती काळजी घ्यायची, हे सांगणारा जाणकार माणूस खरेदीच्या वेळी समोर असावा म्हणूनच विक्रेत्यास कृषी शिक्षणाची अट घालण्यात आली आहे. मोबाईलवर मात्र सल्ला देणारा अनेकदा विकणाऱ्याचाच माणूस असतो. म्हणून आधी कृषी विज्ञान केंद्र, कृषी सहायक किंवा विद्यापीठाचा सल्ला घ्यावा, त्यानंतर खरेदी करावी. उलट क्रम नसावा.

डबा हाती आल्यावर नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, विषाच्या तीव्रतेचा रंगीत त्रिकोण आणि सोबतचे माहितीपत्रक पाहावे. यांपैकी काहीही नसेल किंवा झाकणाची मोहोर फुटलेली असेल, तर औषध वापरू नये आणि गुणनियंत्रण निरीक्षकास कळवावे.

'टॉनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवांबाबतही सावध राहावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा जैव-उत्तेजकांचा खत नियंत्रण आदेशात समावेश झाला. तात्पुरत्या नोंदणीवर विक्रीची मुदत १६ जून २०२५ रोजी संपली. त्यानंतर केवळ अधिसूचित झालेलीच उत्पादने विकता येतात. आकर्षक बाटली आणि दुप्पट उत्पादनाचा दावा म्हणजे मान्यता नव्हे.

पावतीविना माल, कायद्याविना शेतकरी

मान्यताप्राप्त मंचावरील खरेदी ही एक गोष्ट, आणि मोबाईलवरील गटात आलेल्या संदेशावरून केलेली खरेदी ही दुसरी. तणनाशकास दाद न देणारे म्हणून विकले जाणारे, मान्यता नसलेले कपाशीचे 'चोरबीटी' बियाणे प्रामुख्याने अशाच मार्गाने येते. त्यास पावती नाही, खरा उत्पादक नाही, लॉट नंबर असला तरी बनावट. ते फसले तर पंचनाम्यात लिहायचे काय आणि नोटीस पाठवायची कोणास? शिवाय हा व्यवहार पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग ठरू शकतो. शंभर-दोनशे रुपये वाचविण्यासाठी शेतकरी आपले सारे कायदेशीर संरक्षण स्वतःच्या हाताने सोडून देतो.

अनुदानावर सौर पंप देतो असे सांगून आगाऊ पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळेही निघाली आहेत. कुसुम योजनेच्या नावाने चालणाऱ्या अशा संकेतस्थळांबाबत केंद्र शासनाने वेळोवेळी इशारे दिले आहेत. पैसे गेल्याचे लक्षात येताच विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता कमी.

भुरळ घालण्याच्या युक्त्यांवरही शासनाने लक्ष घातले आहे. "फक्त दोन नग शिल्लक" अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू बिलात घुसडणे, शेवटच्या पायरीवर छुपे आकार लावणे अशा १३ प्रकारांना नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिबंध केला. पैसे भरण्यापूर्वी बिलाची प्रत्येक ओळ वाचावी.

फसवणूक झाल्यास काय करावे?

१) मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी व तक्रार क्रमांक जपावा. संभाषणाची छायाचित्रे काढून ठेवावीत.

२) राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बरीच प्रकरणे येथेच मिटतात.

३) बियाण्याबाबत तक्रार असल्यास विलंब न करता तालुका कृषी अधिकारी अथवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. अर्जासोबत पावती, लेबल व सातबारा जोडावा. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी व पंचनामा करते. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. दुबार पेरणी निकडीची असल्यास निदान काही ओळी तशाच राखाव्यात आणि तसे अर्जात नमूद करावे. आयोगापुढे हा पंचनामा सर्वांत वजनदार पुरावा ठरतो.

४) तरीही समाधान न झाल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरूनही ती करता येते. मागणीत बियाण्याच्या किमतीबरोबर मशागत, खत, मजुरी व बुडालेले उत्पन्न यांचा हिशेब मांडावा. तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत, गरज असल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हेही मनाशी धरून कागद जपावेत.

आपण विक्रेते असू तेव्हा

आज आपल्यापैकी अनेक जण आंबा, गूळ, हळद, बेदाणा थेट शहरातील ग्राहकांना पाठवतात. अशा वेळी हाच कायदा आपल्याकडूनही चोख व्यवहाराची अपेक्षा करतो. शेतातील कच्च्या मालाची विक्री करणाऱ्या शेतकऱ्यास अन्नसुरक्षा कायद्यातून सूट आहे. परंतु गूळ, लोणचे, हळद पूड असा प्रक्रिया केलेला माल विकण्यास नोंदणी लागते. पाकिटावर वजन, किंमत, तारीख व पत्ता असावा, आणि ऑनलाइन विकताना यातील बहुतेक माहिती मोबाईलच्या पडद्यावरही दिसावी लागते. 'हापूस' या नावास २०१८ मध्ये कोकणातील ठराविक जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसरीकडचा आंबा त्या नावाने विकणे ही फसवणूकच होय. कार्बाइडने फळे पिकविण्यास बंदी आहे. स्वतःच्याच मालाला नातेवाइकांकडून खोटे शेरे लिहवून घेऊ नयेत. पेटीच्या वरच्या थरात मोठी फळे आणि खाली बारीक, असा व्यवहार एकदा होतो. दुसऱ्यांदा तो ग्राहक आपले नाव पाहूनच पुढे जातो.

बंधू-भगिनींनो, नवा बाजार टाळता येणार नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. परंतु दुकानदाराच्या ओळखीवर जो भरवसा होता, त्याची जागा आता कागदाने घेतली आहे. म्हणून या खरिपात एक साधी सवय लावून घ्यावी. घरात एक जाड पाकीट ठेवावे आणि त्यात प्रत्येक निविष्ठेची पावती, लेबल आणि ऑर्डरची छापील प्रत घालावी. मोबाईल बिघडतो, संदेश पुसला जातो, पाकीट मात्र राहते. पीक चांगले आले तर ते पाकीट उघडण्याची वेळ येणार नाही. वेळ आलीच, तर आपली बाजू मांडण्यास तेवढे पाकीट पुरेसे होईल.